आगोटीच्या यादीत वादळही धरा

एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून त्यांचा प्रश्न थोडक्यात सांगते.

श्रीवर्धन तालुक्यात समुद्रापासून चार-पाचशे पावलांवर त्यांचं कौलारू घर आहे, मागे नारळ-सुपारीची वाडी. घरात सासू-सासरे, बारा वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा मुलगा आणि त्या स्वतः. नवरा नोकरीसाठी कल्याणला, पंधरा दिवसांनी येऊन-जाऊन. २०२० च्या निसर्ग वादळात घराचं अर्धं छप्पर गेलं आणि वाडी आडवी झाली. त्या मुलांना माजघरातल्या पलंगाखाली घालून दोन तास तिथंच बसून राहिल्या. तेव्हापासून मे महिना लागला की त्यांची झोप उडते. यंदा त्यांनी सुचवलं की २० मे ते १५ जून सगळ्यांनी कल्याणला जाऊन राहावं. सासऱ्यांचं वय ७६, मधुमेह आहे, इन्शुलिन चालू आहे. ते म्हणतात, "एवढं मोठं वादळ बघितलं, आता काय बघायचं राहिलंय? मी घर सोडून हलणार नाही." नवऱ्याचं म्हणणं, घराजवळचे माड तोडून टाकू आणि कौलं काढून पत्रे घालू. सासूबाई काहीच बोलत नाहीत. "आई फार घाबरते" असं आता मुलंही म्हणायला लागली आहेत. त्यातच तीन वर्षांपूर्वी कर्ज काढून वाडीत पर्यटकांसाठी स्लॅबच्या दोन खोल्या बांधल्या आहेत, आणि त्यांची खरी कमाई मे महिन्यातच होते. त्या विचारतात, सासऱ्यांना कसं पटवू? माड तोडावेत का? आणि मी खरंच घाबरट आहे का?

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, तुम्ही घाबरट नाही. डोक्यावरची कौलं एकामागून एक उडताना जिनं ऐकली आहेत, तिच्या अंगाला मे महिना आठवणारच. वारा नुसता सळसळला तरी तुमचा हात थांबतो, तुम्ही वर बघता, हे तुम्ही लिहिलंय. किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत हे आजही होतं. फक्त बायका ते बोलून दाखवतात आणि पुरुष वाडीत जाऊन उभे राहतात. झोप रात्रीमागून रात्री जात असेल तर मात्र अंगावर काढू नका. १४४१६ ही टेलिमानसची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

माझं माहेर मुरूड तालुक्यातलं. ३ जून २०२० ला मी पुण्यात होते. सकाळी भावाचा फोन आला, "वारा वाढतोय, नंतर बोलतो." त्यानंतर चार दिवस त्याचा आवाज कानावर पडला नाही. टॉवर बंद, वीज नाही, रस्त्यांवर झाडं, वरून करोनाची टाळेबंदी. पाचव्या दिवशी कुणाच्या तरी मोटारसायकलवरून भाऊ मोबाइलला रेंज असलेल्या गावी आला आणि त्यानं फोन लावला. घर उभं होतं, माणसं ठीक होती. मी रडत होते आणि तो सांगत होता की घरात पाणी नाही. मला कळेना, विहीर तर काठोकाठ असते! विहिरीत पाणी होतंच. ते वर काढायला काही नव्हतं. पंधरा वर्षांपूर्वी मोटर बसवली तेव्हा रहाट काढून टाकला, त्याची लाकडं केव्हाच चुलीत गेली. वहिनीनं कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी सोडून घेतली, तिला कळशी बांधली आणि आठ माणसांचं पाणी हातानं ओढलं. महिन्याभरानं मी गेले तेव्हा तिनं तळहात उघडून दाखवले. दोन्ही तळव्यांवर आडवे वण होते, दोरी जिथून सरकली तिथून.

हे इतकं सविस्तर सांगते, कारण तुमच्या पत्रात सगळा भर वादळाच्या त्या दोन तासांवर आहे. जायचं की राहायचं, एवढ्या एकाच प्रश्नावर घरात वाद चाललाय. माझ्या मते तुमच्यापुढे प्रश्न तीन आहेत आणि ते एकमेकांत मिसळल्यामुळे कुणालाच कुणाचं पटत नाहीये. एक वाऱ्याचा, एक समुद्राच्या पाण्याचा आणि एक वादळ गेल्यानंतरच्या वीस-पंचवीस दिवसांचा. माणसं सगळ्यात जास्त हाल या तिसऱ्यात काढतात, आणि तयारी मात्र त्याचीच सगळ्यात कमी असते.

आधी कल्याणला जाण्याचं बघू. २० मे ते १५ जून या तारखा तुम्ही निसर्ग वादळावरून धरल्यात. पण आपल्या समुद्रात वादळांचे दोन मोसम असतात. एक पावसाच्या आधी, मे आणि जूनच्या सुरुवातीला. दुसरा पाऊस गेल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबर. भर पावसाळ्यात खालचे आणि वरचे वारे वेगवेगळ्या वेगानं, वेगवेगळ्या दिशांना वाहतात, त्यामुळे वादळाला उभं राहायला जमत नाही. फयान आठवा, ते ११ नोव्हेंबर २००९ ला आलं होतं. तौक्ते २०२१ च्या मेच्या मध्यावर आलं, तुमच्या २० तारखेच्या आधीच. १७ मेच्या रात्री ते गुजरातेत जमिनीवर चढलं, पण जाता जाता कोकणपट्टी झोडपून गेलं. म्हणजे तारखा धरून घर सोडायचं ठरवलं तर वर्षातले चार-पाच महिने कल्याणला काढावे लागतील. ते होणार नाही, तुम्हालाही ते नको आहे. सासऱ्यांचा नकार याबाबतीत अगदी चुकीचा नाही.

"आता काय बघायचं राहिलंय" हे मात्र बरोबर नाही. निसर्ग गेलं आणि वर्ष भरायच्या आत तौक्ते आलं. अरबी समुद्राचं पाणी तापत चाललंय आणि इथल्या वादळांचा जोर वाढतोय, असं हवामानाचे अभ्यासक सांगतात. एकदा येऊन गेलं म्हणून वादळ त्या घरावरचा हक्क सोडत नाही.

आता तुमच्या पत्रातल्या एका वाक्याकडे लक्ष वेधते. ते तुम्ही कर्जाच्या काळजीनं, जाता जाता लिहिलंय. वाडीत स्लॅबच्या दोन खोल्या आहेत! २०२० मध्ये त्या नव्हत्या. सासरे घर सोडायला तयार नाहीत, वाडी सोडायला तयार नाहीत. पण तीस पावलांवरच्या स्वतःच्याच पक्क्या खोलीत रात्रभर बसायला ते का नाही म्हणतील? निसर्गच्या वेळी ताशी ११० ते १२० किलोमीटर वारा होता, झोत १३० पर्यंत. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो, म्हणून एरवीच्या वावटळीत टिकलेलं छप्पर वादळात टिकेल असं धरता येत नाही. अशा वाऱ्यात कौलारू माजघरापेक्षा स्लॅबची लहान खोली केव्हाही बरी. तीही समुद्राकडे मोठी काचेची खिडकी नसलेली निवडा, किंवा त्या खिडकीला बाहेरून बसेल अशी फळी आत्ताच कापून ठेवा. खोलीवर पडेल असा माड किंवा आंबा जवळ आहे का, तेवढं बघा.

हे झालं वाऱ्याचं. पाण्याचं गणित वेगळं असतं आणि तिथं स्लॅबचा उपयोग नाही. वादळ समुद्राचं पाणी किनाऱ्यावर ढकलतं, ते भरतीच्या पाण्यावर चढतं. निसर्गच्या इशाऱ्यात रायगडसाठी भरतीच्या वर एक ते दोन मीटर पाणी चढेल असं सांगितलं होतं. ५ जूनला वटपौर्णिमा होती, म्हणजे दिवस उधाणाच्या, पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीच्या, तोंडावरचे होते. म्हणून वादळाची बातमी आली की पहिल्यांदा तिथी बघायची आणि भरतीची वेळ बघायची. हे तुमच्या सासऱ्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्यांना विचारा, आजवर सगळ्यात मोठ्या उधाणाला पाणी कुठवर आलं होतं? खाडीकडून येतं की समोरून? ते जागेवर नेऊन दाखवतील. त्या खुणेच्या वर माणूस उभं राहील इतकी उंची धरा आणि तुमचं जोतं, त्या खोल्यांचं जोतं त्यात कुठं बसतं ते पाहा. पाणी पोचण्यासारखं असेल तर त्या रात्री वाडीत थांबायचं नाही, मग खोली कितीही पक्की असो. आळीतलं उंचावरचं पक्कं घर किंवा गावातली शाळा, जे असेल ते. आणि तलाठी, पोलीस पाटील किंवा ग्रामपंचायतीकडून हलायला सांगितलं की मग आपलं गणित बाजूला ठेवायचं आणि निघायचं.

सासऱ्यांना "पटवणं" या शब्दावरच जरा थांबते. तुम्ही त्यांच्याशी वादळाबद्दल बोलता तेव्हा ते भीतीबद्दल बोलणं होतं, आणि शहात्तर वर्षांचा कोकणी माणूस सुनेपुढे भीतीचं बोलणार नाही. पण हाच माणूस दरवर्षी मे महिन्यात काय करतो? शाकारणी करून घेतो, म्हणजे छपराची कौलं नीट बसवून घेतो. लाकडं फोडून पडवीत रचून ठेवतो. तांदूळ, डाळी, मीठ, मसाला भरून घेतो. पाऊस कधी येईल, किती दिवस कोंडून घालेल हे माहीत नसताना चार महिन्यांची बेगमी करतो. आगोटीची, म्हणजे पावसाच्या तोंडावरची, तयारी ज्याच्या रक्तात आहे त्याला तयारी शिकवायची गरज नाही. त्या यादीत पाच-सात वस्तू वाढवायच्या आहेत, एवढंच. "बाबा, यंदा आगोटीत आणखी काय काय घ्यायचं ते तुम्हीच सांगा" असं विचारून बघा.

आणि एकदा निवांत वेळी हेही विचारा की घर सोडायचं म्हटल्यावर त्यांना नेमकं काय सोडवत नाही. माझ्या वडिलांचं उत्तर होतं, देव. देव्हारा मागे ठेवून आपण जीव वाचवायला गेलो, हे त्यांना सहन होत नव्हतं. मग आईनं एक लाकडी पेटी काढली. वादळाचा इशारा आला की देव पेटीत, पेटी वडिलांच्या मांडीवर, आणि मग सगळे निघणार, असं ठरलं. तौक्तेच्या वेळी ते आपणहून पेटी घेऊन ओटीवर येऊन बसले होते. तुमच्याकडे देव असतील, गाई असतील, वाडीची राखण असेल. काय आहे ते कळलं की मार्ग निघतो. गुरं असतील तर एक लक्षात ठेवा: त्यांना गोठ्यात बांधून ठेवून जायचं नाही. दावी सोडायची. जनावर आपला आडोसा शोधतं.

निर्णय शांत दिवसात घ्यायचा, हे मी फार कळकळीनं सांगते. निसर्गच्या वेळी १ जूनला समुद्रात डिप्रेशन, म्हणजे वादळाचं पहिलं रूप, तयार झालं आणि ३ जूनच्या दुपारी वादळ जमिनीवर होतं. मध्ये जेमतेम दोन दिवस. त्या दोन दिवसांत वाद घालायला वेळ नसतो. म्हणून आत्ताच, सगळ्यांच्या देखत, कागदावर लिहा: हवामान खात्याचा आपल्या जिल्ह्याला ऑरेंज अलर्ट आला की पर्यटकांना परत पाठवायचं, पैसे परत करायचे, नवीन कुणाला घ्यायचं नाही. (बुकिंग घेतानाच त्यांना हे सांगून ठेवा. परक्याच्या जिवाची जबाबदारी त्या रात्री तुमच्यावर नको.) रेड अलर्ट आला की सासूबाई आणि मुलं दिवसाउजेडी खोलीत किंवा शाळेत. बंदरावर धोक्याचा कितवा बावटा लागलाय ते कोळीवाड्यातून कळतंच, त्याचीही ओळ लिहा. सचेत हे आपत्ती व्यवस्थापनाचं सरकारी अ‍ॅप मोबाइलवर घ्या, इशारे त्यावर येतात. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७. आणि हा कागद फ्रिजवर किंवा कपाटाला चिकटवा. ठरलेली गोष्ट करायला "तू घाबरतेस" असं कुणी म्हणत नाही.

सासूबाई गप्प आहेत असं तुम्ही लिहिलंत. गुडघे दुखत असतील, रात्री उठावं लागत असेल, शाळेतल्या संडासाची काळजी असेल. एकट्या असताना विचारा. बाईमाणसाचं घर न सोडण्याचं कारण पुष्कळदा एवढं साधं असतं आणि ते चारचौघांत सांगता येत नाही.

आता तुमच्या यजमानांच्या दोन सूचना.

माड सरसकट तोडू नका. वाडी वाऱ्याचा पहिला मार खाते म्हणून घराला कमी बसतो, आणि सुपारी-नारळाचं रोप लावून फळ हाती यायला सहा-सात वर्षं जातात हे तुम्ही भोगलंयच. मात्र घरावर किंवा खोल्यांवर पडेल इतक्या अंतरातला प्रत्येक माड एकेक करून बघा. कललेला आहे का? बुंध्याची माती धुपून मुळं उघडी पडलीत का? खोडाला भोकं आहेत, त्यातून तपकिरी रस आणि भुसा येतोय का? तो सोंड्या भुंगा आहे. असा माड आतून पोकळ असतो आणि मोडतो तो मधूनच. तो काढा. बाकीच्यांच्या वाळलेल्या झावळ्या आणि तयार नारळ मेअखेर उतरवून घ्या, वादळात एक नारळ कौलाला आणि डोक्याला पुरतो. निसर्गमध्ये पडलेले माडांचे ओंडके अजून कुठं कुजत पडले असतील तर तेही उचला, त्यांत गेंड्या भुंगा वाढतो आणि उभ्या माडांवर जातो. आंबा-फणसाच्या घरावर आलेल्या फांद्या छाटा. अख्खं झाड तोडायचं झालं तर त्याला परवानगी लागते.

पत्र्याबद्दल माझं मत वेगळं आहे. कौल निसटलं तर बहुतेक जवळपास पडतं आणि फुटतं. पत्रा सुटला की तो पात्यासारखा चौथ्या वाडीत जातो. पत्रे वाईट असं नाही, पण ते लोखंडी अँगलवर जे-हुकांनी घट्ट आवळलेले हवेत, कडेच्या रांगांना हुक जास्त जवळ जवळ हवेत. लाकडी रिपांवर खिळ्यांनी ठोकलेल्या पत्र्यांपेक्षा आहे ते कौलारू छप्पर नीट बांधून घेणं स्वस्त पडेल. वारा पाख्यावरून जाताना छप्पर वर ओढतो, आणि पहिल्यांदा उचकटतात ते आढ्यावरचे कोने, म्हणजे माथ्यावरची कोनी कौलं, आणि पागोळीची शेवटची रांग. कोने सिमेंटच्या मालात बसवून घ्या. कडेच्या दोन-दोन रांगांची कौलं तारेनं रिपांना बांधून घ्या. वासे जिथं भालावर, म्हणजे भिंतीवरच्या आडव्या लाकडावर, टेकतात तिथं बऱ्याच जुन्या घरांत नुसता एक खिळा असतो. तिथं लोखंडी पट्टी स्क्रूनं मारून घ्या. आणि पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून सुटं करता येतं का ते सुताराला विचारा. पडवी खूप बाहेर आलेली असते, वारा तिच्या पोटात शिरतो, आणि ती जोडलेली असेल तर जाताना घराचं छप्पर ओढून नेते. वादळ चालू असताना वाऱ्याकडची दारं-खिडक्या कुठल्याही कारणानं उघडायच्या नाहीत. बाहेरून ओढ आणि आतून रेटा, असं दोन्ही झालं की छप्पर राहत नाही. वारा एकदम थांबला तरी बाहेर पडू नका, तो वादळाचा डोळा असू शकतो; थोड्या वेळानं वारा उलट्या दिशेनं येतो.

यजमानांना आणखी एक सांगा, रागावून नव्हे. त्या रात्री ते तुमच्यापर्यंत पोचू शकणार नाहीत, आणि त्यानंतरचे दोन-चार दिवसही नाहीत. मी पुण्यात होते म्हणून मला ते आतून माहीत आहे. म्हणून त्यांची खरी मदत आत्ता हवी, मेच्या दोन सुट्ट्यांत. शाकारणीला, खिडक्यांच्या फळ्यांना, माडांना ते समोर उभे हवेत. आणि आळीतल्या दोन घरांशी त्यांनी स्वतः बोलून ठेवावं, की बाबांना उचलायची वेळ आली तर कोण येईल. तुमचा निरोप एकाच माणसाकडे जाईल असं ठरवा, मग बाकीच्यांनी त्याला विचारावं. कॉल लागत नाही तेव्हा साधा एसएमएस कधी कधी जातो, "सगळे ठीक" एवढाच पाठवा.

मग ते वीस-पंचवीस दिवस. निसर्गनंतर कित्येक गावांत वीज यायला तीन आठवडे, महिना लागला, आणि मधल्या काळात जेमतेम आठ-दहा दिवसांत पाऊस सुरू झाला. छप्पर नाही, पाऊस आला, आणि बाजारात ताडपत्री मिळेना. म्हणून जाड ताडपत्री आणि दोर आत्ताच घेऊन ठेवा, पाखं झाकेल एवढी. शंभर-दोनशे जादा कौलं वाडीच्या कोपऱ्यात रचून ठेवा. एक चांगला कोयता, एक करवत. बॅटऱ्या, सेलवर चालणारा रेडिओ. सुटे पैसे, कारण वीज नसली की एटीएमही नसतं. गॅस असला तरी चूल आणि कोरडी लाकडं हवीत. विहिरीत पालापाचोळा पडतो, पाणी उकळून प्या, आणि क्लोरीनच्या बाटल्या आरोग्य केंद्रातून आणून ठेवा. पावसाळ्यातल्या बेगमीत पोहे, सातूचं पीठ, गूळ, शेंगदाणे जरा जास्त धरा, न शिजवता पोट भरेल असं. धनुर्वाताचं इंजेक्शन सगळ्यांनी आधीच विचारून घ्या; पडलेल्या पत्र्याचे आणि रिपांचे खिळे अनवाणी पायांत जातात. तुटलेली तार जिवंतच आहे असं समजायचं, मुलांना हे आजपासून सांगा.

सासऱ्यांचं इन्शुलिन ही या सगळ्यात माझ्या मते पहिली गोष्ट. महिनाभराचा साठा, सुया, साखर तपासायच्या पट्ट्या. उघडलेली बाटली फार उष्णता नसेल तर साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर टिकते, न उघडलेल्यांना गारवा लागतो. वीज गेली की एका मडक्यात दुसरं मडकं, मधल्या जागेत ओली वाळू, वर ओलं फडकं, आणि बाटल्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून आतल्या मडक्यात. मात्र त्यांच्या नेमक्या औषधाबद्दल डॉक्टरांना याच महिन्यात विचारून या.

कागदांचं लोक नंतर फार रडतात. पंचनामा होतो तेव्हा घरपट्टीची पावती, आठ-अ, सातबारा, आधार, बँकेचं पासबुक लागतं. सातबारावर अजून आजेसासऱ्यांचं नाव असेल आणि हिस्सेदार मुंबई-पुण्याला विखुरलेले असतील, तर भरपाई संमतीपत्रांत अडकते. कोकणात हे घरोघरी आहे. यजमानांना कल्याणात बसून करता येईल असं हे एक काम: नावं लावून घेणं, निदान संमतीपत्रं तयार ठेवणं. घराचे चारी बाजूंनी आणि आतून फोटो काढा. वाडीत किती नारळ, किती सुपाऱ्या, किती आंबे हे मोजून वहीत लिहा. मोजायला मुलीला बरोबर घ्या.

त्या मुलीसाठी मी आणखी एक सुचवते. ती निसर्गच्या वेळी सात वर्षांची होती. "आई घाबरते" असं म्हणणारी मुलं बऱ्याचदा आईच्या आडून स्वतःचंच सांगत असतात. तिला विचारा, तुला त्या दिवसातलं काय आठवतं? आणि ऐका, दुरुस्त करू नका. बॅटऱ्या, रेडिओ आणि तो चिकटवलेला कागद, हे तिच्याकडे सोपवा. दर पहिल्या तारखेला सेल बघायचे, एवढंच.

शाकारणीला माणसं यायची असतील तेव्हाच सुतारालाही बोलावून घ्या, आणि त्याच दिवशी विहिरीवर रहाट बसवून घ्या, मोटर असली तरी. जुना रहाट माळ्यावर सापडला तर उत्तमच, नाहीतर साधी कप्पी चालेल. दोर मात्र नायलॉनचा घेऊ नका, ओला झाला की हातातून सरकतो आणि तळवे कापतो. काथ्याचा घ्या.